अद्भुत कादंबऱ्या व वाचकांचा अभिप्राय

जुन्या वाचनालयांतील पुस्तकांच्या शेवटी बांधणी करणारा जे कोरे पान घालतो, ते बहुधा कोरे राहत नाही. पेण-रोह्याच्या पट्ट्यातील एका वाचनालयात नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ची एक जीर्ण प्रत काही वर्षांपूर्वी आमच्या हाती आली. पुस्तकावर काही लिहू नये, असा शिक्का पहिल्या पानावर ठळकपणे मारलेला होता. आणि शेवटच्या पानावर चार निरनिराळ्या हातांनी त्या नियमाचा भंग केलेला होता. एकाने लिहिले होते, पुस्तक उत्तम असून सर्वांनी अवश्य वाचावे. त्याखाली दुसऱ्याने शिसपेनने विचारले होते, असे कधी घडते काय? तिसऱ्याने त्या दुसऱ्यासच उत्तर दिले होते : घडत नाही म्हणूनच वाचावयाचे. चौथ्याची तक्रार एवढीच, की मधली काही पाने कोणी फाडून नेली आहेत. पुढे ती प्रत पुन्हा पाहावयास आम्ही गेलो, तेव्हा तिची नवी बांधणी झाली होती आणि ते पान कात्रणांबरोबर केव्हाच गेले होते.

गोष्ट लहान आहे. परंतु तिच्यामुळे एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. अद्भुतरम्य कादंबरीविषयी महाराष्ट्राचे मत काय होते, असे विचारले असता आम्ही प्राध्यापक मंडळी तत्काळ टीकाकारांची नावे सांगू लागतो. ज्यांनी त्या कादंबऱ्या उजव्या हाताने जेवत असता डाव्या हातात धरून वाचल्या, त्यांचे मत काय होते, हे मात्र आम्ही विचारीत नाही. आणि विचारले तरी उत्तर कोठे शोधावे, हे आम्हांस ठाऊक नसते.

टीकाकारांची बाजू सर्वश्रुत आहे. ‘मुक्तामाला’ १८६१ साली व ‘रत्नप्रभा’ १८६६ साली निघाली. या दोन्ही लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. लगेच १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहून असंभाव्य प्रसंगांच्या या सुकाळास हरकत घेतली आणि स्वाभाविकपणाची बाजू मांडली. १९०२ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात सगळ्या मराठी कादंबरीचीच झडती घेतली. त्यांचा मुख्य राग हलक्या इंग्रजी नमुन्यांच्या नकलेवर होता. या दोन निबंधांच्या आधारे पुढील पिढ्यांनी असा समज करून घेतला, की अद्भुत कादंबरी हे मराठी वाङ्मयाचे बालपण होते, आणि हरिभाऊ आपटे यांच्याबरोबर ते सरले.

परंतु रिसबुडांची प्रस्तावना ज्यांनी लक्षपूर्वक वाचली असेल, त्यांस हा समज अपुरा वाटेल. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा : विवाहाच्या आपल्या चालीरीतींमुळे व अन्य कारणांमुळे आम्हां हिंदूंच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे फारसे काही घडतच नाही, नित्याचे लिहावे तर त्यात गोडी नाही, म्हणून मनोरंजन करू इच्छिणाऱ्यास अद्भुताकडे वळणे भाग पडते. हा एका लेखकाचा बचाव खरा. पण त्यात एका समाजाची कबुलीही आहे. आठव्या-दहाव्या वर्षी लग्ने उरकणाऱ्या समाजात प्रेमकथा घडावयाची कोठे? ती विद्याधरांच्या नगरीतच घडावयाची! तेव्हा अद्भुताचा हव्यास हे वाचकाच्या बुद्धिमांद्याचे लक्षण नसून त्याच्या आयुष्यात कशाची उणीव आहे याची ती खूण होती.

आणि वाचकांचा कौल पाहिला तर तो टीकाकारांच्या निकालाविरुद्धच गेलेला दिसतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ साली आरंभिलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ अनेक भागांत निघाल्या. एका भागाने वाचकाची तृप्ती होत नसे. लंडनमध्ये १८४४ पासून आठवड्याच्या हप्त्याने निघालेल्या रेनॉल्ड्सच्या ‘मिस्टरीज’ने आमच्या इंग्रजी शिकलेल्या पिढीस असे वेड लावले, की स्वतः हरिभाऊंची ‘मधली स्थिती’ (१८८५) त्याच प्रेरणेतून उतरली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’सारखी वास्तव कादंबरीही हप्त्याहप्त्यानेच वाचकांस दिली. म्हणजे वास्तवाचा विजय झाला असे जे म्हणतात, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्या वास्तवास अद्भुताच्याच गाडीतून प्रवास करावा लागला. १९१३ साली ‘वीरधवल’ आली, ती वाचकांनी आजतागायत टाकलेली नाही. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि नारायण धारपांचे ‘समर्थ’ अमंगळ शक्तींशी पुस्तकामागून पुस्तके झुंजत राहिले. यांपैकी बहुतेकांस वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींहून अधिक जागा मिळाली नाही.

आमच्या या दोन गावांस ही पुस्तके कशी पोचत, याची कल्पना आजच्या तरुणांस येणार नाही. मुंबईहून आगबोट धरमतरपर्यंत येई व तेथून माल पेणेस जाई. रोह्यास कुंडलिकेच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर पडाव येत. पहिला भाग हाती पडल्यावर दुसऱ्यासाठी वाट पाहावी लागे, आणि त्या वाट पाहण्याच्या काळात ओटीवर, बाजारात, शाळेच्या पडवीत पुढे काय होणार याचा खल चाले. क्रमशः येणाऱ्या कथेचे खरे सामर्थ्य या मधल्या काळात आहे. एकटा वाचक त्या काळात एकटा राहत नाही. त्याचे मत दुसऱ्याच्या मतावर घासले जाते. शेवटच्या पानावरील ते चार अभिप्राय म्हणजे त्याच चर्चेचा उरलेला लेखी अंश होय.

येथवर अद्भुताचा विचार झाला. त्याचे एक उग्र भावंड आहे : भावी काळाचे भयाण चित्र रेखाटून वाचकास सावध करणारी कथा, जिला हल्ली डिस्टोपिया म्हणतात. हा प्रकार आमच्याकडे परदेशातून अलीकडे आला, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. पुण्यास मुलींचे हायस्कूल १८८४ साली निघाले, आणि १८८६ साली नारायण बापूजी कानिटकर यांनी ‘तरुणीशिक्षणनाटिका’ लिहिली. आधुनिक तरुणीशिक्षण व स्त्रीस्वातंत्र्य यांचे भविष्यकथन, असे तिचे दुसरे नावच आहे. त्या भविष्यातील भयाची मूर्ती कोण? शिकलेली मुलगी! पुढे बेचाळीस वर्षांनी, १९२८ साली, काशीबाई कानिटकर यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. आडनाव तेच, कल्पित मात्र उलटे. येथे एका संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती येतो आणि ती राज्याची घडी नव्याने बसविते. एकास जे दुःस्वप्न वाटले, तेच दुसरीस स्वप्न वाटले. या दोहोंपैकी कोणाचे भविष्य खरे ठरले, हे पाहावयास दूर जाणे नको. सकाळच्या वेळी पेण किंवा रोहे स्थानकावर उभे राहून पाठीस दप्तर लावलेल्या मुली मोजाव्यात.

याच मुलींनी व त्यांच्या बरोबरीच्या मुलांनी आमचे मत बदलले, हे येथे सांगणे प्राप्त आहे. आवडीच्या कोणत्याही कथामालेविषयी एक पानभर लिहून आणा, असे आम्ही वर्गास सांगितले होते. मनातून आमची अपेक्षा अशी, की विद्यार्थी भाबडी स्तुती करतील व आम्ही त्यांस राजवाडे समजावून देऊ. हाती आले ते निराळेच. एका मुलाने ‘हॅरी पॉटर’चे सातही भाग मराठीत वाचले होते, पाचवा भाग निम्मा असता तरी चालला असता, असे त्याने निर्भीडपणे लिहिले. दुसऱ्याने लिहिले, की मालिका लांबत गेली की लेखकास पात्रांची काळजी उरत नाही, पुढील पुस्तकाची उरते. हप्तेबंद कादंबरीवर गेल्या शतकात घेतला गेलेला हाच आक्षेप त्याने कोणताही टीकाकार न वाचता घेतला होता.

परंतु आम्हांस थांबविले ते पेण तालुक्यातील एका शेतकरी घरच्या मुलीने. तिने ‘हंगर गेम्स’ ही सुझॅन कॉलिन्स यांची कादंबरी इंग्रजीत, शब्दकोश जवळ ठेवून वाचली होती. तीत एक ऐषारामी राजधानी बारा प्रांतांच्या कष्टांवर जगते. कोणी कोळसा द्यावयाचा, कोणी धान्य द्यावयाचे, आणि दरवर्षी प्रत्येकाने आपली मुलेही द्यावयाची. त्या राजधानीविरुद्ध उभी राहते ती एक मुलगी. आमच्या विद्यार्थिनीने लिहिले, की हे वाचून आपणांस भय वाटले नाही, ओळख पटली. आजोबांनी एकदा जमिनीसाठी मत दिले होते, त्याची गोष्ट घरात अजून सांगतात, एवढेच तिने पुढे जोडले होते.

तो संदर्भ आम्हांस लागला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्याव्यात की नाही, यावर पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत शासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी मतदानाने अजमावले. शेतकऱ्यांचा विरोध प्रचंड होता, आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. ‘हंगर गेम्स’ अमेरिकेत प्रसिद्ध झाली तीही त्याच सप्टेंबर महिन्यात. या योगायोगास आम्ही अधिक अर्थ देत नाही. लेखिकेस पेण ठाऊक नव्हते आणि आजोबांस ती कादंबरी ठाऊक नव्हती. अर्थ आहे तो नातीने दोहोंची गाठ घातली यात. असे कधी घडते काय, हा शिसपेनने लिहिलेला प्रश्न दीडशे वर्षे टीकाकार विचारीत आले आहेत. ही मुलगी निराळाच प्रश्न विचारते : हे आम्हांस लागू पडते काय? आमच्या मते अद्भुत व भयाण भविष्य या दोन्ही कथांची योग्य कसोटी हीच होय. या कसोटीवर सगळ्याच मालिका उतरणार नाहीत. कित्येक केवळ सवयीने वाचल्या जातात, हे आमच्या विद्यार्थ्यांनीच आम्हांस सांगितले. तथापि ती कसोटी लावण्याचा अधिकार ज्याच्या आयुष्याला कथा लागू पडावयाची त्या वाचकाचा आहे. १८८६ चे भविष्यकथन कोणास लागू पडते, हे एखाद्या शिकणाऱ्या मुलीस त्या काळी कोणी विचारले असते, तर उत्तर तेव्हाच मिळाले असते.

म्हणून वाचनालयांच्या चालकांस आमची एक विनंती आहे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या याची नोंद सरकारदरबारी होऊ लागली, आणि शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची अपार श्रमाने सिद्ध केली. कोणते पुस्तक छापले गेले, हे त्यामुळे आम्ही सांगू शकतो. ते कोणी वाचले व वाचून त्यास काय वाटले, हे देवघेवीच्या जुन्या नोंदवह्यांत आणि पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर आहे. आणि रद्दीच्या भावाने ते दरवर्षी नाहीसे होत आहे. नोंदवह्या जपून ठेवाव्यात. दाराशी एक अभिप्रायवही ठेवावी, म्हणजे पुस्तकेही स्वच्छ राहतील. आणि पुस्तक बांधणीस देण्यापूर्वी त्याचे शेवटचे पान कृपा करून एकदा वाचून पाहावे.