लाखोळीची डाळ आणि मजुरीचा रोग

गरिबांच्या आजाराविषयी बोलताना आपला पांढरपेशा समाज एक शब्द सढळ हाताने वापरतो: अज्ञान. काय खावे हे यांना कळत नाही, म्हणून हे आजारी पडतात, असा त्याचा निष्कर्ष. तो तपासायला विदर्भातल्या माणसाने दूर जायला नको. लाखोळीच्या डाळीचा इतिहास त्याने पाहावा.

लाखोळी, कुठे लाखोरी, हिंदीत खेसारी किंवा तिवडा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात कापणीपूर्वी बांधीतल्या ओलीवर, उभ्या धानात तिचे बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, तरी पीक येते. पाऊस दगा देतो, बाकीची पिके जळतात, तेव्हाही ती तगते. म्हणून ज्या वर्षी दुसरे काही नसते त्या वर्षी गरिबाच्या ताटात तीच उरते. इतर धान्याबरोबर थोडी खाल्ली तर ती सहसा बाधत नाही. पण दोन-तीन महिने जेवणाचा मोठा हिस्सा तीच झाली की पाय ताठरतात, टाच टेकत नाही, हाती काठी येते आणि पुढे रांगण्याची पाळी येते. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. त्यावर औषध नाही. गेलेले पाय परत येत नाहीत. ऐन कामाच्या वयातले पुरुष त्यात अधिक सापडतात.

स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सागरकडच्या खेड्यांची हकीकत नोंदवली आहे. 1829 साली गारपिटीने गहू गेला, 1830 साली पावसाअभावी गेला, 1831 साली रोगाने गेला. गव्हात आपोआप उगवणारा, गुरांना घालायचा तिवडा तेवढा जोमात होता. लोक त्यावर जगले. 1833 पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. हा सागर आपल्याला परका नाही. 1861 साली मध्यप्रांत झाला तेव्हा सागर आणि भंडारा एकाच कारभाराखाली आले आणि त्या कारभाराची राजधानी नागपूर होती.

सागरला निसर्गाने जे केले ते रीवा-सतनाकडे मालकाने केले. तिथल्या वेठबिगारांना मजुरी म्हणून लाखोळीच मापून दिली जाई. ज्याला मजुरी पैशात मिळत नाही, त्याला आहार निवडण्याचे स्वातंत्र्य कुठले? त्याचे ताट मालकाच्या खळ्यावर ठरते. आपल्या समाजाला हे नवे नाही. बलुत्यात काय मिळेल ते गाव ठरवीत होते आणि मेलेले ढोर आपल्या वाट्याला टाकीत होते. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मृत मांस सोडायला सांगितले आणि 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ताट सुधारायचे तर ते भरणारी व्यवस्था बदलावी लागते, हा या दोन गोष्टींचा एकत्रित अर्थ आहे.

सरकारने काय केले? 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली 1961 साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणली. कायद्याने दुकान पाहिले. खळ्यावर मजुरीत पडणाऱ्या पायलीपर्यंत त्याची नजर गेली नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा यायला 1976 साल उजाडावे लागले. बंदी असतानाही तुरीच्या डाळीत आणि बेसनात लाखोळीची भेसळ होत राहिली. 1964 साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तिच्यातले विषद्रव्य वेगळे काढले गेले. डाळ भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकले तर विष बरेच कमी होते. पण दुष्काळात पाणी आणि सरपण फेकण्याइतके कुणाजवळ असते? पुढे रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी विषाचे वाण निघाले. बंदी उठावी म्हणून नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ चळवळ केली. ही डाळ पिकवणारा शेतकरी गरीब आहे, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण वाण बदलला तरी एकाच धान्यावर जगण्याची सक्ती उरतेच.

ती सक्ती आज दुसऱ्या रूपात आपल्या वस्तीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सधन राज्यांच्या शहरांत मधुमेह गरीब थरात अधिक आढळला. मधुमेहाची कारणे अनेक आहेत. पण पॉलिश केलेल्या भातावर भरणारे पोट हे त्यातले एक. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणशी महिन्याला 5 किलो धान्याचा हक्क दिला. तो मोठा आधार आहे, हे नाकारू नये. मात्र डाळीला त्या हक्कात जागा नाही. दवाखान्यात सांगतात, भात कमी करा, डाळ-भाजी वाढवा. नंदनवनच्या झोपडपट्टीतल्या रोजंदारीच्या बाईला हे कळत नाही असे कोण म्हणेल? डाळीचा भाव तिला आपल्यापेक्षा नेमका पाठ असतो.

आपले कार्यकर्ते आणि विद्यार्थी वस्त्यांत आरोग्य शिबिरे भरवतात, रक्तातली साखर मोजतात. त्यांनी त्याच कागदावर आणखी तीन रकाने आखावेत: घरात येणारी मजुरी, रेशनवर मिळालेले धान्य आणि आठवड्यात किती दिवस डाळ शिजली. रोगाची कारणे त्या रकान्यांत सापडतील, आणि मागणी कोणाकडे न्यायची तेही.