किरणांनी केस काढताना

राँटगेनला क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नातल्या लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरने ते एका पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवर सोडले. तिच्या पाठीवर मोठा केसाळ डाग होता. केस गळून गेले, पण मागाहून तिथे खोल जखम झाली आणि ती भरता भरेना. सत्तर वर्षांनी डॉक्टरांनी त्या बाईंना पुन्हा तपासलं, तेव्हाही त्या उपचाराच्या खुणा अंगावर होत्या.

मी मिरजेत क्ष-किरण विभागात नोकरी केली. शिशाचा ॲप्रन आणि छातीवरचा बॅज यांच्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, ही आमची शिस्त. म्हणून पुढची हकिकत वाचताना मला अजूनही संताप येतो. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट गायसर या डॉक्टरने 'ट्रायको' नावाचं क्ष-किरणांचं यंत्र काढलं आणि ते ब्युटी पार्लरांत पोचलं. बाईने यंत्रासमोर बसायचं, गाल किंवा हनुवटी त्याच्या खिडकीशी धरायची. काही मिनिटांत काम झालं. ना आग, ना वेदना. त्याआधी केस कायमचे घालवायचे तर एकेका मुळाशी सुई टोचून वीज सोडावी लागे. १८७५ पासूनची ही रीत, वेळखाऊ आणि दुखरी. ट्रायकोकडे बायका वळल्या यात त्यांचा काय दोष? यंत्र चालवणाऱ्यांना किरणांचं पुरेसं शिक्षण नव्हतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने १९२९ मध्ये या यंत्राविरुद्ध लिहिलं, तोवर कितीतरी चेहरे त्या खिडकीशी बसून गेले होते. कातडी सुरकुतणं, व्रण, आणि वर्षांनंतर कर्करोग, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं.

आज केस काढायला वापरतात त्या लेसरला मात्र त्या पापाचा वाटेकरी करू नये. तो नुसता प्रकाश आहे, पेशींच्या गाभ्यात क्ष-किरणांसारखी मोडतोड करत नाही. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेलं तत्त्व असं, की योग्य रंगाचा प्रकाश योग्य तेवढाच वेळ सोडला तर ठरावीक लक्ष्यच तापतं. इथे ते लक्ष्य म्हणजे केसातलं मेलॅनिन. १९९६ मध्ये माणिक-लेसरने केस काढल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २००८ मध्ये अमेरिकेत घरी वापरायच्या लेसरला परवानगी मिळाली.

अडचण एवढीच की मेलॅनिन आपल्या कातडीतही असतं. गोऱ्या कातडीवरचा काळा केस, हे या यंत्रांचं सोपं गिऱ्हाईक. सावळ्या अंगावर प्रकाश केसापर्यंत पोचण्याआधी कातडीच तापते. चटका बसतो, काळे डाग राहतात. म्हणून घरगुती यंत्राबरोबर कातडीच्या रंगांचा तक्ता येतो आणि गडद रंगांपुढे फुली असते. बाजारातली बरीच घरगुती यंत्रं तर लेसर नसून आयपीएल, म्हणजे झगझगीत दिव्याची असतात. रंगाची अट त्यांनाही लागू. गडद कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर जास्त सुरक्षित, पण तो त्वचारोगतज्ज्ञांकडेच घ्यावा. पिकलेल्या केसांवर यातलं काहीच चालत नाही.

"मावशी, असं घरगुती यंत्र घेऊ का गं?" असं माझ्या भाचीने विचारलं, तेव्हा तो तक्ता मी तिच्या हाताशी लावून पाहिला. तिचा रंग फुलीच्या घरात होता. शिवाय हनुवटीवरचे केस गेल्या वर्षभरात वाढलेत आणि पाळीही दोन-दोन महिने चुकते. हे ऐकल्यावर यंत्राचा विषय मी बाजूला ठेवला. आधी हार्मोन्सची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणार आहोत.