अर्ध्या सुरक्षिततेची पृथ्वीप्रदक्षिणा

युद्धाचा इतिहास लिहिणारे बहुधा तहनाम्यावर सह्या झाल्या की लेखणी खाली ठेवतात. परंतु लढाईसाठी जे अफाट सामान निर्माण केलेले असते त्याच्या इतिहासाचे दुसरे प्रकरण तेथूनच सुरू होते. १९४५ साली दुसरे महायुद्ध थांबले, तेव्हा जगातील कित्येक छावण्यांतून लष्करी मोटारी रांगा लावून उभ्या राहिल्या होत्या. मालक होते, पण काम उरले नव्हते. लिलाव पुकारले गेले. कोणी त्या गाड्या मालवाहतुकीस लावल्या, कोणी शेताच्या कामास जुंपल्या, कित्येक भंगारात गेल्या; आणि काही थोड्या हौशी लोकांनी त्यांची फिरती घरे बनवून दूरदेशची वाट धरली. या शेवटच्या वर्गातील एका गाडीची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. ती निवडण्याचे एक कारण असे की, तिचे बीज आपल्याच भूमीत, बंगालमधील कलाईकुंडा येथील विमानतळावर, १९४६ साली पडले.

बेन कार्लिन हा मूळचा पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थम गावचा. त्याचा जन्म १९१२ सालचा. खाणकामाचे शिक्षण घेऊन तो चीनमध्ये नोकरीस गेला, आणि युद्ध पेटल्यावर हिंदी लष्कराच्या इंजिनियर दलात अधिकारी झाला. युद्ध संपून घरी परतण्याचे वेध लागले असता कलाईकुंड्यास त्याच्या दृष्टीस एक चमत्कारिक गाडी पडली. जीपगाडीलाच होडीचे अंग चढवून ती पाण्यावरही चालावी अशी तिची योजना होती. गाडी न्याहाळता न्याहाळता कार्लिन सोबतच्या मित्रास सहज म्हणाला की, असल्या वाहनातून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल. असली वाक्ये आपण सर्वच बोलतो आणि चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी विसरतो. कार्लिन विसरला नाही.

ती गाडी म्हणजे फोर्ड कंपनीने १९४२ व १९४३ या दोन वर्षांत बनविलेली ‘जी.पी.ए.’ जातीची उभयचर जीप. अशा बारा हजारांहून अधिक जीपा तयार झाल्या. लांबी १५ फूट, रुंदी सव्वापाच फूट, चार नळ्यांचे लहानसे इंजिन, मागे पाणी कापणारा पंखा आणि सुकाणू. नदी-ओढे ओलांडण्यापुरती ही योजना ठीक होती. पण गाडी जड, आणि तिचा काठ पाण्यापासून फारच थोडा वर राहणारा. लाट उठली की पाणी आत. म्हणून लष्करानेच तिचे उत्पादन लवकर आटोपते घेतले. ज्या वाहनाने लष्कराची निराशा केली, त्यातून अटलांटिक महासागर ओलांडण्याचा बेत या गृहस्थाने केला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत जाऊन १९४७ साली सरकारी लिलावात त्याने ९०१ डॉलरांस अशी एक गाडी विकत घेतली. आता खरा प्रश्न पुढे आला. उघड्या लष्करी गाडीचे घर करावयाचे, आणि त्या घराची नौका करावयाची. पहिली अडचण छपराची. त्याने वर बंद खोली उभारली, तीत एका माणसास निजता येईल एवढी जागा ठेवली. एकाने सुकाणू धरावे, दुसऱ्याने झोपावे, असा हिशेब. दुसरी अडचण इंधनाची, व ती अधिक बिकट. महासागर ओलांडण्यास लागणारे पेट्रोल आत भरावे तर गाडी बुडते, न भरावे तर इंजिन वाटेत थांबते. कार्लिनने गाडीचे नाक व शेपूट वाढविले, पोटाखाली जादा टाकी बसविली, आणि उरलेले पेट्रोल वेगळ्या टाकीत भरून ती टाकी दोरखंडाने पाठीमागून ओढीत न्यावयाचे ठरविले. पेट्रोल पाण्याहून हलके असते. तेव्हा अशी टाकी भरलेली असली तरी तरंगते आणि तिचा भार गाडीवर पडत नाही. युक्ती साधी आहे, परंतु साधी युक्ती सुचण्यासच बुद्धी लागते.

गाडीचे नाव त्याने ‘हाफ-सेफ’ म्हणजे ‘अर्धी सुरक्षित’ असे ठेवले. घामाचा वास घालविणाऱ्या एका मलमाच्या जाहिरातीत त्या काळी ‘अर्धवट सुरक्षित राहू नका’ असा उपदेश असे; त्यावरून हे नाव आले. थट्टेने ठेवलेले नाव पुढे अक्षरशः खरे ठरले.

हिंदुस्थानातच कार्लिनची एलिनोर अरोन या अमेरिकन युवतीशी ओळख झाली होती. ती येथे रेडक्रॉसच्या कामास आली होती. १९४८ साली त्यांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी हे दांपत्य न्यूयॉर्कहून समुद्रात उतरले. पहिले प्रयत्न फसले. एकदा इंजिनाचा विषारी धूर खोलीत कोंडून दोघांच्याही जिवावर बेतले. एकदा पंख्याच्या दांड्याने दगा दिला व गाडी दिवसचे दिवस समुद्रात लोटत राहिली. अखेर तेलवाहू जहाजाने त्यांस उचलून घेतले. तरीही १९ जुलै १९५० रोजी ती दोघे कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरातून पुन्हा निघाली. ३२ दिवसांनी अझोर्स बेटांपैकी फ्लोरिस बेट दिसले. पुढे मदेराच्या वाटेवर भयंकर वादळाशी झुंजून, फेब्रुवारी १९५१ मध्ये चाके आफ्रिकेच्या वाळूस लागली. मग मोरोक्कोतून जिब्राल्टरची सामुद्रधुनी, स्पेन, फ्रान्स, इंग्लिश खाडी असे करीत ती इंग्लंडास पोहोचली. तेथे कार्लिनने आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले आणि गाडीची पुन्हा डागडुजी केली.

१९५५ साली प्रवास पुढे सुरू झाला. युरोप, तुर्कस्थान, इराण व पाकिस्तान ओलांडून गाडी कलकत्त्यास आली. ज्या प्रांतात कल्पना जन्मली तेथे ती चाकांवर बसून परत आली, हा योग मोठा. परंतु या वर्तुळाचा आनंद निर्भेळ नव्हता. एलिनोरला समुद्र मुळीच सोसत नसे; अटलांटिकवर आठवडेच्या आठवडे मळमळ, पेट्रोलचा दर्प आणि ओलेचिंब अंथरूण तिने सोसले होते. कलकत्त्याच्या पुढचा प्रवास कार्लिनने तिच्यावाचून केला. त्यांचा संसार मोडला. इतिहासात विक्रम करणाऱ्याचे नाव मोठ्या टायपात छापले जाते. परंतु सर्वांत कठीण महासागर ज्या बाईने उलट्या करीत ओलांडला, तिचे नाव बहुधा तळटिपेत जाते. आमच्या मते हा न्याय नव्हे. ज्याच्या मनात वेड असते त्याला वेडच बळ देते. दुसऱ्याच्या वेडासाठी सोसणाऱ्यास ते बळ कोठून यावे?

पुढे बॅरी हॅनली हा ऑस्ट्रेलियन सोबती ब्रह्मदेश, सयाम यांतून जपानपर्यंत आला. तेथून १९५७ साली बॉय डी मेंटे नावाचा अमेरिकन पत्रकार त्याच्याबरोबर उत्तर पॅसिफिकच्या धुक्यात शिरला व अलास्कापर्यंत टिकला. मे १९५८ मध्ये कार्लिन माँट्रियलला पोहोचला, तेव्हा गाडीत तो एकटाच होता. समुद्रावरील १७,००० व जमिनीवरील ६२,००० किलोमीटरांहून अधिक वाटचाल झाली होती, आणि उभयचर वाहनातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य ठरला होता.

या सर्वांतून निष्पन्न काय झाले, असे कोणी व्यवहारी मनुष्य विचारील. नवा देश सापडला नाही, शास्त्राची भर पडली नाही, पैसाही मिळाला नाही. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. कार्लिनच्या हौसेचे मोल मात्र मोजता येते. त्यास आयुष्यातील दहा वर्षे आणि एक सहचारिणी द्यावी लागली. म्हणून आम्ही त्यास आदर्श म्हणण्यास धजत नाही. तथापि त्याची केवळ टवाळी करणेही आम्हांस जमत नाही. शत्रूच्या किनाऱ्यावर बंदूकधारी शिपाई उतरविण्यासाठी जे यंत्र घडविले गेले, ते त्याच्या हाती आल्यावर अनेक देशांच्या किनाऱ्यांवर निःशस्त्र पाहुणा म्हणून उतरले. युद्धाच्या अवजारांचा यापेक्षा निरुपद्रवी उपयोग आमच्या तरी ऐकिवात नाही.

कार्लिन १९८१ साली वारला. ती गाडी आता पर्थजवळील गिल्डफर्ड येथे, ज्या शाळेत तो लहानपणी शिकला त्या शाळेत ठेवलेली आहे. तेथील मुले ती पाहात असतील, व अशा खोक्यातून जगाभोवती फिरता येईल असे एखादा मुलगा मित्रास सहज म्हणतही असेल. त्याने तसे अवश्य म्हणावे. मात्र निघण्यापूर्वी, आत झोपण्याची जागा एकच आहे, हे त्याने सोबत येणाऱ्यास आधी सांगावे.