उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती व अर्थसाहाय्य : विंझरपासून विद्यापीठापर्यंत

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत आनंदापाठोपाठ चिंता येते. गुण चांगले आहेत. पण शुल्क, वसतिगृह, खाणावळ आणि पुस्तके यांचा खर्च कोठून करावयाचा? नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विंझर या गावाचेच उदाहरण घेऊ. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेले अमृतेश्वर कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय येथे असल्याने पदवीचे शिक्षण गावाजवळ घेता येते. मात्र अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे तर बहुधा पुणे गाठावे लागते, आणि तेथे खर्चाचे गणित बदलते.

अशा वेळी पालक सहसा एकच प्रश्न विचारतात : ‘अल्पसंख्याकांची शिष्यवृत्ती मिळेल का?’ प्रश्न योग्य असला तरी तो अपुरा आहे. शिष्यवृत्ती धर्मावरून मिळते, तशीच ती उत्पन्नावरून, प्रवर्गावरून, गुणांवरून आणि विशेषतः प्रवेश कोणत्या मार्गाने झाला यावरूनही मिळते. म्हणून हा शोध प्रवेशानंतर नव्हे, प्रवेशापूर्वी सुरू करावा, असे आमचे सर्व पालकांना आग्रहाचे सांगणे आहे.

प्रवेशाचा मार्ग

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य शासनाच्या प्रमुख सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजेच ‘कॅप’ फेरीतून, प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली तर पात्र विद्यार्थ्याचीही सवलत हुकते आणि पुढील सर्व वर्षे पूर्ण शुल्क भरावे लागते. एखादे नावाजलेले महाविद्यालय कोट्यातून घेण्यापेक्षा थोडे कमी नावाचे महाविद्यालय कॅप फेरीतून घेणे कित्येक कुटुंबांना अधिक हिताचे ठरते. तसेच खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मुलींच्या शुल्कमाफीतून वगळलेली आहेत, हेही आधीच जाणून घ्यावे.

ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी कोणती दारे उघडी आहेत?

केंद्र शासनाने २००७-०८ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर आणि गुणवत्ता-नि-साधन शिष्यवृत्ती सुरू केली होती. तिचा लाभ आपल्या अनेक कुटुंबांनी घेतला. या योजनांची मंजुरी २०२१-२२ पर्यंतची होती. पुढील काळासाठी ती न मिळाल्याने नवे अर्ज थांबले. संशोधनासाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज सवलतीची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. जुन्या माहितीपत्रकांत या योजना अद्याप छापलेल्या आढळतात. त्यांच्या भरवशावर राहू नये.

राज्य शासनाचे दार मात्र उघडे आहे. ‘महाडीबीटी’ या पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी प्रत्यक्ष शुल्क किंवा ५० हजार रुपये यांपैकी कमी असलेली रक्कम मिळते. निवड गुणानुक्रमे होत असल्याने केवळ अर्ज केला म्हणजे रक्कम मिळाली असे समजू नये.

याच पोर्टलवर खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यासाठीही उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये असून पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सुधारणा झाली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत देण्यात आली. आरक्षणात न मोडणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबालाही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळू शकते. मुलीचे शिक्षण ‘परवडत नाही’ म्हणून थांबविण्यापूर्वी पालकांनी ही सवलत अवश्य तपासावी.

प्रवर्गाचा नाजूक प्रश्न

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना तो मिळाला. ख्रिस्ती बांधव त्यापासून वंचित आहेत. हा प्रश्न न्यायालयात व आयोगांपुढे दीर्घकाळ आहे. परंतु यंदा प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला निकालाची वाट पाहता येत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा समावेश इतर मागास प्रवर्गात होतो. त्यांनी जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र काढून त्या प्रवर्गाच्या योजनांचा लाभ घ्यावा.

अनुसूचित जमातींची स्थिती निराळी आहे. जमातीचा दर्जा धर्माशी जोडलेला नसल्याने आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थी जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र राहतो. ‘आपण ख्रिस्ती, म्हणजे आपल्याला काही नाही’ हा समज अनेकांचे नुकसान करतो. तो दूर व्हावयास हवा.

गुणवत्तेवर मिळणारे साहाय्य

बारावीत आपल्या मंडळाच्या गुणानुक्रमात वरच्या २० टक्क्यांत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख रुपये असून पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२ हजार आणि पदव्युत्तर शिक्षणात २० हजार रुपये मिळतात. हिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. म्हणून दोन्हींची तुलना करून निवड करावी.

पुण्यात राहण्याची अडचण असेल तर १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांना वसतिगृह पुरविते. मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशनची शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. श्रमाने शिक्षण मिळविण्यात कमीपणा नाही, हाच तिचा संस्कार आहे.

कागदपत्रे : मेपूर्वीच तयार हवीत

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका, प्रवेशपत्र व शुल्काची पावती ही सर्वसाधारण यादी आहे. विंझरच्या विद्यार्थ्याला दाखल्यांसाठी वेल्हे तहसील कार्यालयाशी व जातीच्या प्रमाणपत्रासाठी भोर उपविभागीय कार्यालयाशी संबंध येतो. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे जुन्या व नव्या कागदांवर तालुक्याचे नाव वेगळे दिसल्यास अर्ज भरताना लक्ष द्यावे.

पुष्कळ अर्ज मंजूर होऊनही रक्कम अडते ती बँक खात्यामुळे. आधार क्रमांक बँकेत नोंदविणे आणि शासकीय रक्कम जमा होण्यासाठी खाते आधारशी संलग्न असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन दुसरी गोष्ट झाल्याची खात्री करून घ्यावी. शाळेच्या दाखल्यावरील, आधारवरील व बँकेतील नाव एकच असावे. बाप्तिस्म्याचे नाव एका कागदावर आणि घरचे नाव दुसऱ्यावर, असे आपल्या समाजात पुष्कळदा घडते; ते वेळीच दुरुस्त करावे. अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. ‘शिष्यवृत्ती मिळवून देतो’ असे सांगून पैसे अथवा ओटीपी मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

कर्ज शेवटी

वरील मार्ग अपुरे पडल्यासच कर्जाचा विचार करावा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील शिक्षणासाठी तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेडीपूर्वीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्जही विचारात घ्यावे.

धर्मग्रामाने काय करावे?

शासनाची रक्कम मंजूर झाली तरी ती खात्यात पडेपर्यंत महिने जातात. खाणावळीचे पैसे मात्र पहिल्याच महिन्यात द्यावे लागतात. गरीब विद्यार्थी बहुधा याच काळात शिक्षण सोडतो. ही दरी धर्मग्राम भरून काढू शकते. संत विन्सेंट डी पॉल संघटनेची सुरुवात १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सहकारी यांनी केली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचे विद्यार्थी होते, याचे आपण स्मरण ठेवावे. धर्मग्रामातील संघटनेने छोटा फिरता निधी उभारून पहिल्या काही महिन्यांपुरती बिनव्याजी रक्कम द्यावी व शिष्यवृत्ती आल्यावर ती परत घ्यावी. तोच पैसा पुढच्या मुलाच्या कामी येईल.

तसेच एप्रिल महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे कागद तपासून द्यावेत. या सेवेला पैसे लागत नाहीत, केवळ दोन तास लागतात. ज्याने स्वतः एकदा अर्ज भरला आहे, त्याच्याइतका चांगला मार्गदर्शक दुसरा नाही.