खांब, कपडा आणि मान

आजचा धागा मल्लखांब, दोरी आणि पोल डान्स यांच्या पोशाखाविषयी, साधनांविषयी आणि तंत्राविषयी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

१. आमच्या फर्दापूरहून अजिंठ्याची लेणी पाहायला गेलेला माणूस पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या भिंतीपाशी थांबतोच. वादक स्त्रियांच्या मेळ्यात तेथे एक नर्तकी आहे. अंगात लांब बाह्यांचे वस्त्र, अंगभर दागिने, शेजारी बासऱ्या. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे चित्र. तिचे वस्त्र तिच्या गिरकीबरोबर हलते, आणि ते हलावे हीच त्या नृत्याची अपेक्षा आहे.

२. आता एखाद्या पोल डान्स करणाऱ्या मुलीची चित्रफीत उघडून तिच्याखालचे अभिप्राय वाचा. अजिंठ्याचा दाखला देऊन ‘आपली परंपरा पाहा आणि हे पाहा’ असे सुनावणारे हमखास भेटतात. तुलनाच चुकीची आहे. भिंतीवरची नर्तकी जमिनीवर उभी आहे. ही मुलगी जमिनीपासून दोन मीटर उंचीवर केवळ मांडीच्या कातडीवर तोललेली आहे. तिचा कपडा किती असावा, हे सर्वप्रथम घर्षण ठरवते.

३. खांबावरच्या व्यायामाची आपल्याकडची जुनी नोंद ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो १२व्या शतकाच्या पूर्वार्धात रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ग्रंथातील ‘मल्लविनोद’ या प्रकरणात मल्लांच्या तयारीचे ‘श्रम’ सांगितले आहेत. वजनांचा, चालण्याचा, पोहण्याचा, आणि त्यांतच ‘स्तंभश्रम’, म्हणजे खांबावरचा. येथे खांब हा कुस्तीचा पूरक व्यायाम आहे; स्वतंत्र खेळ नाही.

४. पुढचा ठळक टप्पा उत्तर पेशवाईतला. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबाचे आद्य गुरू मानले जातात. परंपरा अशी सांगते, की निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांनी पुण्याला आव्हान दिले. बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगगडावर उपासना केली, झाडांवरच्या माकडांच्या हालचालींवरून त्यांना मल्लखांबाचे पेच सुचले आणि त्यांनी अलीला चीत केले.

५. ही कथा इतिहास म्हणून नव्हे, तर गुरुपरंपरेची आठवण म्हणून वाचावी. तिच्यातला एक तपशील मात्र मोलाचा आहे. माकडाजवळ ना तेल, ना वस्त्र, ना पट्टा. त्याची सारी पकड अंगाची. ‘अंगाने झाड धरणे’ हे मल्लखांबाचे बीज या कथेने अचूक टिपले आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेला, आणि ही विद्या शिष्यांच्या हातून पुण्याबाहेर दूरवर पोहोचली.

६. आता साधनाकडे वळू. पुरलेला मल्लखांब साधारणपणे सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीवर त्याची उंची सुमारे अडीच मीटर. बुंध्याचा घेर सुमारे ५५ सेंटीमीटर. वर जाताना तो निमुळता होतो. माथ्याशी बारीक ‘मान’ आणि तिच्यावर ‘बोंड’. अंग, मान, बोंड ही नावे पाहा: लाकडाला माणसाच्या शरीराची नावे दिली आहेत, कारण तो मल्लाचा अबोल जोडीदार आहे.

७. थोडे गणित करू. ५५ सेंटीमीटर घेर म्हणजे सुमारे साडेसतरा सेंटीमीटर व्यास. एवढ्या खांबाभोवती पंजा मिटत नाही. म्हणून मल्लखांबपटू बुंध्याला बगलेने, कोपराच्या घडीने, मांड्यांनी, पोटऱ्यांनी धरतो. उलट पोल डान्सच्या स्पर्धांमधला धातूचा खांब सामान्यतः ४५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याभोवती मूठ पूर्ण बसते. तेथे मनगट आणि पंजा यांच्यावर भार अधिक, येथे मांडी आणि पोटावर. तंत्रातला मोठा भेद या एका मापातून निघतो.

८. लाकडाला एरंडेल चोळतात. नवख्याला हे उलटे वाटते: पकड हवी, मग तेल कशाला? कोरड्या लाकडावर वेगाने घसरलेली कातडी सोलवटते. एरंडेल दाट आणि चिकट असते. ते घर्षण कमी करते, पण अंगाला एकाएकी निसटू देत नाही. पकड मात्र स्नायूंनी कमवावी लागते. तळहात फारच घामेजले, तर राळेची पूड लावतात. तेल खांबाला आणि राळ हाताला, हा तोल सांभाळणे हे शिक्षकाचे कसब.

९. धातूच्या खांबाचा नियम याच्या नेमका विरुद्ध. तेथे तेलाचा थेंबही शत्रू. सरावाच्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावत नाहीत, खांब कोरड्या फडक्याने वारंवार पुसतात, हाताला खडूची पूड किंवा पकडीसाठी मिळणारे द्रव्य लावतात. कोरडी, उघडी कातडी गुळगुळीत धातूला धरते; कापड त्यावरून सरकते. आखूड चड्डी आणि बिनबाह्यांचा पोशाख यांचे कारण एवढेच आहे.

१०. मल्लखांबाच्या लंगोटाचे आणि आखूड चड्डीचे कारणही तेच. सैल कापड मांडी आणि लाकूड यांच्यामध्ये अडकले, की पकड सुटते. उलट्या अवस्थेत ते तोंडावर आले, की दिसेनासे होते. म्हणून पुरुषांचा पोशाख शतकानुशतके अंगाला घट्ट आणि कमीत कमी राहिला. त्याला कोणी ‘उघडेपणा’ म्हटले नाही. तालमीची शिस्त म्हटले.

११. तिसरे साधन दोरी. पूर्वी वेताचा मल्लखांब होता. चांगला लांब वेत दुर्मीळ झाला आणि त्याची जागा सुती दोरीने घेतली. दोरीला गाठ मारत नाहीत. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत ती पकडून वर सरकतात. दोरी अंगाभोवती लपेटली जाते व कातडीला चटके देते. त्यामुळे येथे अंगाबरोबरचा, ताणला जाणारा पातळ पोशाख कामी येतो. ओढणी, नाडी, लोंबती बटणे मात्र सक्त वर्ज्य.

१२. चौथे उदाहरण चीनच्या सर्कशीतले. तेथील उभ्या खांबांवर रबराचे आवरण असते. रबर कापडाला धरते आणि उघड्या कातडीला भाजून काढते. म्हणून त्या खांबावरचे कसरतपटू अंगभर कपडे घालतात. म्हणजे लाकूड आणि तेल: लंगोट. धातू: उघडी कातडी. दोरी: घट्ट, पातळ वस्त्र. रबर: पूर्ण पोशाख. साधन बदलले, की पोशाख बदलतो. या साखळीत चारित्र्याचा प्रश्न कोठेही येत नाही.

१३. मग तो येतो कोठून? त्यासाठी आखाड्याबाहेर पडावे लागेल. महाराष्ट्रात खांबावरची कसरत केवळ तालमीत नव्हती. ती गावोगावच्या चव्हाट्यावरही होती. डोंबारी आणि कोल्हाटी या भटक्या जमाती बांबू आणि दोरीवर कसरती करून पोट भरत. ‘कोल्हाटी’ हे नाव कसरतीच्या बांबूवरून, ‘कोल्हाट’ या शब्दावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. एका जमातीची ओळखच खांबावरून पडली.

१४. तालमीतला मल्ल पुरुष होता, बंदिस्त आवारात होता, आणि त्याला आश्रयदाता होता. चव्हाट्यावरच्या बांबूवर स्त्रियाही चढत, भोवती अनोळखी बघे असत आणि खेळ संपला, की थाळी फिरे. कौशल्य दोन्हीकडे होते, जीवाचा धोका चव्हाट्यावर अधिकच. तरी एकाला ‘वस्ताद’ म्हटले गेले आणि दुसरीच्या जातीचे नाव शिवीसारखे वापरले गेले. पुढे कोल्हाटी समाजातील अनेक स्त्रिया तमाशाच्या फडात नाचू लागल्या आणि हा कलंक अधिक गडद झाला. १९९४ साली आलेले किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन या समाजातील स्त्रियांच्या आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला काय आले, ते सांगते.

१५. तालमीच्या खांबाची वाट याच काळात प्रतिष्ठेकडे गेली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. आबासाहेब मुजुमदारांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. १९८१ मध्ये उज्जैनला अखिल भारतीय संघटना उभी राहिली. नियम, गुण, पंच आले. खांबाला सनदी मान मिळाला.

१६. मुलींचा प्रवेश या टप्प्यावर महत्त्वाचा. दोरीचा मल्लखांब त्यांचा प्रमुख प्रकार ठरला. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. हिमानी परब हिला मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि २०२४ मध्ये प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री जाहीर झाली. घट्ट, आखूड पोशाखातल्या मुलीकडे खेळाडू म्हणून पाहण्याची सवय समाजाला लागू शकते, याचा हा चालता पुरावा आहे.

१७. पोल डान्सचा प्रवास वेगळा. त्याचे आजचे रूप १९८० च्या दशकापासून उत्तर अमेरिकेतील क्लबांमध्ये घडले; पुढे तो व्यायाम म्हणून शिकवला जाऊ लागला. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि २०१७ मध्ये जागतिक क्रीडा संघटनांच्या महामंडळाने त्याला निरीक्षकाचा दर्जा दिला. ज्या स्त्रियांनी क्लबमध्ये हे तंत्र घडवले, त्यांचे नाव घ्यायला मात्र खेळ झालेला पोल अनेकदा कचरतो. कोल्हाटी स्त्रियांच्या बाबतीत आपणही असेच वागलो.

१८. ‘पोल डान्स मल्लखांबातूनच निघाला’ हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने फिरते. एकातून दुसरा थेट निघाल्याचा दस्तऐवजी दुवा कोणी दाखवलेला नाही. उभा खांब आणि माणसाचे शरीर समोरासमोर आले, की मांडीची मिठी, गुडघ्याची घडी, उलटे लटकणे ही उत्तरे कोणालाही सापडू शकतात. आणि गंमत अशी, की वंशावळ सांगताना ज्याला आपण आपले म्हणतो, त्याच नाचाला अभिप्राय देताना परके म्हणतो.

१९. आता या इतिहासाचा व्यवहारात उपयोग. शिकू इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी:

• अंगठ्या, कडी, घड्याळ, गळ्यातले काढून ठेवा. नखे कापलेली, केस घट्ट बांधलेले असावेत.
• कपडा साधनानुसार निवडा. वरून हवा तेवढा झाकणारा पोशाख घाला. पण खांब जेथे धरायचा, ती कातडी (धातूवर) मोकळी हवी आणि कोठेही सैल कापड नको.
• खाली गादी आणि शेजारी आधार देणारा जाणता माणूस असल्याशिवाय उलटे होऊ नका.
• धातूचा खांब घरी बसवताना छत भार पेलते का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. प्रत्येक सरावाआधी खांब हलवून पाहा.
• दोन्ही बाजूंनी सराव करा. एकच खांदा आणि एकच मांडी राबवली, की दुखापत ठरलेली.
• चढण्याआधी उतरायला शिका. मल्लखांबात ‘उतरती’ हा स्वतंत्र प्रकारच आहे; वर जाऊन थकलेल्या हातांनी घसरणे हा नवशिक्यांचा नेहमीचा अपघात.

२०. तंत्राचा पहिला धडा ‘अढी’. हातांनी खांब धरायचा, पाय वर फेकायचे, मांड्यांच्या मिठीत खांब आवळायचा आणि डोके खाली ठेवून अंग तोलायचे. त्यानंतर तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा अशी वाट पुढे जाते. अढी पक्की होईपर्यंत पुढचे काही शिकवत नाहीत. पोल डान्सच्या वर्गातही उलटे होण्याआधी नुसते मांड्यांवर बसायला शिकवतात; धडा तोच.

२१. आपल्या भाषेत आणखी एक अढी आहे, मनातली. खांबावरची अढी सोडायची वेळ शिक्षक सांगतो. मनातली सोडायला कोणी सांगत नाही. मल्लखांब शिकणारी मुलगी वयात आली, की ‘आता हे कपडे बरे दिसत नाहीत’ म्हणून घरी बसवली जाते, असे आजही घडते. तिच्या घरच्यांपुढे संस्कृतीवर वाद घालू नका. त्यांना वरचा क्रमांक १२ वाचून दाखवा. कापड सरकते, कातडी धरते. आणि उंचावर असलेल्या आपल्या लेकीची पकड सुटू नये, एवढे तर त्यांनाही हवेच असते.

धागा समाप्त. आपल्या गावात जुना मल्लखांब, तालीम किंवा डोंबाऱ्यांच्या खेळाची आठवण असेल, तर खाली अवश्य लिहा. वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या संमतीने लिहा. अशा आठवणी इतर कोठेही नोंदलेल्या नसतात.