शार्कची भीती आली कुठून? न्यू जर्सी, जुलै १९१६

१/ समुद्रकिनारी सुट्टीला जायचे ठरले की ‘तिथे शार्क तर नाहीत ना?’ असे घरात कोणीतरी विचारतेच. आज ही शंका स्वाभाविक वाटते. शतकापूर्वी मात्र अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुशिक्षित समाज तिला हसत असे. त्याचे मत अवघ्या बारा दिवसांत पालटले. त्या दिवसांचा हा थ्रेड.

२/ १८९१ साली हर्मन ओल्रिख्स या धनिकाने ५०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. केप हॅटरसच्या उत्तरेला शार्कने जिवंत माणसावर हल्ला केल्याचा पुरावा आणा, एवढीच अट होती. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे संचालक फ्रेडरिक लुकास यांचेही मत असेच होते : माणसाच्या पायाचे हाड तोडण्याइतके बळ शार्कच्या जबड्यात नसते.

३/ १ जुलै १९१६. बीच हेवन येथे चार्ल्स व्हॅनसंट हा फिलाडेल्फियाचा तरुण संध्याकाळी पोहायला उतरला. शार्कने त्याचा पाय फाडला आणि रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. त्याच दिवशी फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. एकट्या ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक सैनिक त्या दिवशी मारले गेले. किनाऱ्यावरील एका मृत्यूची बातमी फारशी गाजली नाही. पोहणाऱ्यांनी घाबरू नये, असे जाणकारांनी वृत्तपत्रांतून सांगितले.

४/ ६ जुलै. उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर स्प्रिंग लेक येथे चार्ल्स ब्रूडर या हॉटेल कर्मचाऱ्याचा बळी गेला. तो मूळचा स्वित्झर्लंडचा. त्याच्या तिकडे राहणाऱ्या आईसाठी हॉटेलातील पाहुण्यांनी व सहकाऱ्यांनी वर्गणी गोळा केली. आता मात्र किनारे ओस पडू लागले. काही ठिकाणी पाण्यात तारेच्या जाळ्या लावल्या गेल्या, मोटारबोटींची गस्त सुरू झाली.

५/ १२ जुलै. मॅटावान हे खुल्या समुद्रापासून बरेच आत, खाडीकाठी वसलेले गाव. खाडीत भरतीचे पाणी कुठवर चढते, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. थॉमस कॉट्रेल या निवृत्त जहाज कप्तानाने पुलावरून खाडीत शिरलेला शार्क पाहिला आणि धावत जाऊन गावाला सावध केले. कोणाचाही विश्वास बसला नाही.

६/ थोड्याच वेळात लेस्टर स्टिलवेल हा मुलगा पोहताना पाण्याखाली ओढला गेला. मुले ‘शार्क’ म्हणून ओरडत गावात आली. मोठ्यांना वाटले, त्याला फिट आली असावी. त्याचा शोध घ्यायला उतरलेला स्टॅन्ली फिशर हा तरुणही शार्कला बळी पडला. काही अंतरावर जोसेफ डन नावाचा मुलगा जखमी झाला, तो वाचला. संतापलेल्या गावकऱ्यांनी खाडीत डायनामाइट लावले.

७/ बारा दिवसांत चार मृत्यू. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या मंत्रिमंडळातही शार्कवर चर्चा झाली. १४ जुलैला जवळच्या रॅरिटन उपसागरात एक पांढरा शार्क मारला गेला आणि त्याच्या पोटात मानवी अवशेष सापडल्याचे सांगण्यात आले. हल्लेखोर तोच होता की खाडीत शिरणारा बुल शार्क, एक होता की अनेक, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

८/ याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात पोलिओची साथ होती : सुमारे ९,००० रुग्ण, सुमारे २,४०० मृत्यू, बहुतांश लहान मुले. शहराबाहेर जाणाऱ्या मुलांना आरोग्याचा दाखला लागत असे. साथीला भिऊन कुटुंबे शहर सोडत होती.

९/ साथीचीही भीती होतीच. पण ती पसरते कशी, हे नीट ठाऊक नव्हते आणि औषधही नव्हते. शार्क मात्र डोळ्यांना दिसत होता. त्याच्यावर बंदूक रोखता येत होती, जाळे टाकता येत होते. म्हणूनच, माझ्या मते, त्या उन्हाळ्याची सारी अस्वस्थता त्या एका प्राण्यावर येऊन ठेपली.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन चुका एकत्र पाहाव्यात. ‘आजवर घडले नाही, म्हणून घडणारच नाही’ ही पहिली. ‘एकदा घडले, म्हणजे आता कुठेही घडेल’ ही दुसरी. दोन्हींत पुरावा अपुरा आणि निष्कर्ष ठाम. पहिलीने मॅटावानमध्ये माणसे गेली. दुसरीला १९७५ च्या ‘जॉज’ चित्रपटाने जगभर पोहोचवले. ज्यांच्या कादंबरीवरून तो निघाला, त्या पीटर बेंचली यांनी पुढे शार्कच्या संरक्षणासाठी काम केले.

११/ आज जगभरात शार्कने विनाकारण चावा घेतल्याच्या साधारण ६० ते ७० घटना वर्षाला नोंदल्या जातात. मृत्यू बहुधा दहाच्या आत असतात. बुडून मात्र वर्षाला सुमारे ३ लाख माणसे मरतात. आपल्याकडे शार्क म्हणजे बाजारातली मुशी, मालवणात मोरी. सहलीला गेलेल्यांचा घात होतो तो पाण्याच्या ओढीने.

१२/ तेव्हा सुट्टीचा बेत जरूर आखा. पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना भरती-ओहोटीची वेळ आणि ओढ कुठे आहे ते विचारा; ते ‘उतरू नका’ म्हणाले, तर उतरू नका. कॉट्रेल यांनीही मॅटावानला इतकेच सांगितले होते.