पंधरा-चाळीस की सिंथेटिक?

आमच्या घरी दोन डिझेल गाड्या आहेत. एक बाबांची २००६ ची इंडिका. ती विकायचं नाव काढलं की बाबा दोन दिवस बोलत नाहीत. दुसरी २०२१ ची बीएस-६ एसयूव्ही, जी मी सुटीवर आलो की चंद्रपूर-मूल-गडचिरोली रस्त्यावर पळवतो. दोन्हींच्या तेलाबद्दल आमच्या मेकॅनिकभाऊंचं मत एकच: "काहून महागाचं टाकता भाऊ? आपल्याकडं पंधरा-चाळीसच बेस राहते." पुण्यातली ऑफिसची मंडळी म्हणतात, फुल्ली सिंथेटिकशिवाय बात नको. मग म्हटलं, जरा मुळाशी जाऊ.

मुळाशी निघालं एरंडेल! कॅस्ट्रॉल हे नावच 'कॅस्टर'वरून, म्हणजे एरंडावरून आलंय. पुढे जमिनीतून काढलेलं खनिज तेल स्वस्तात मिळायला लागलं आणि एरंडेल मागे पडलं. पण खनिज तेलात मेण असतं आणि कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होतं. जर्मनीकडे स्वतःचं खनिज तेल तुटपुंजं. त्यामुळे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आय. जी. फार्बेन कंपनीत हर्मान त्सोर्न या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत वंगण तेलं बनवायचा सपाटा लावला. महायुद्धात ती वापरलीही गेली. युद्धानंतर जेट इंजिनांना अशी तेलं लागायला लागली आणि १९७४ मध्ये मोबिल १ बाजारात आलं.

सिंथेटिकचा हा दबदबा आधी थंडीतला आहे, हे लक्षात घ्या. '१५डब्ल्यू-४०' मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. १५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ च्या आसपास असतो. तिथे उणे ३० चं कौतुक कोणाला? मेकॅनिकभाऊंचं निम्मं म्हणणं इथेच खरं ठरतं. मात्र टर्बो असलेल्या गाडीत सिंथेटिकचा दुसरा गुण कामी येतो: तापलेल्या टर्बोत ते लवकर जळून काजळत नाही.

आता खरी गंमत. डब्यावर 'सिंथेटिक' लिहिलेलं तेल सिंथेटिकच असतं का? १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅस्ट्रॉलने आपल्या सिंटेक तेलातला प्रयोगशाळेत घडवलेला पाया काढून त्याजागी हायड्रोजनची जोरदार प्रक्रिया केलेलं खनिज तेल (ग्रुप तीन) घातलं. मोबिलने अमेरिकेतल्या जाहिरातींच्या स्वनियामक मंडळाकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल लागला कॅस्ट्रॉलच्या बाजूने. ग्रुप तीनलाही सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली! तेव्हापासून हा शब्द रसायनशास्त्राचा कमी आणि मार्केटिंगचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. तेल वाईट आहे असं नाही, पण नुसत्या त्या शब्दासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मग बघायचं काय? तर गंधक. डिझेलमधलं गंधक जळलं की आम्ल तयार होतं आणि ते मारायला तेलात क्षार घालावे लागतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग चालायचं. बीएस-३ ला ते ३५० वर आलं, बीएस-४ ला ५० वर. २०१० मध्ये बीएस-४ इंधन आधी १३ शहरांना मिळालं. त्यात मुंबई, पुणे, सोलापूर होते, चंद्रपूर नव्हतं. देशभर ते पोचलं एप्रिल २०१७ मध्ये. म्हणजे इकडच्या मेकॅनिक लोकांचा सगळा अनुभव गंधकवाल्या डिझेलवरचा. तिथे भरपूर क्षार असलेलं जाड पंधरा-चाळीस हेच शहाणपण होतं आणि इंडिकासाठी ते आजही चालतं. सीएच-४ किंवा सीआय-४ बघून घ्या, झालं.

पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, गंधक १० वर आलं आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ बसली. जे क्षार आधी इंजिन वाचवत होते, त्यांचीच राख आता या गाळणीत साठते. काजळी तापवून जाळता येते, राख जळत नाही. म्हणून तेल लो-अॅश हवं. बऱ्याच गाड्यांना एसीईए सी३ किंवा सी२ लागतं, नेमकं कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघा. सी३ मध्ये राख ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही, सीआय-४ मध्ये ती सहज १ टक्क्याच्या पुढे जाते. डब्यावर 'सिंथेटिक' लिहिलेलं पण राख जास्त असलेलं तेलही इथे चुकीचंच. आणि गाळणी बदलायचा खर्च तेलाच्या कित्येक डब्यांइतका असतो!

आलापल्ली, सिरोंच्याकडे जाणार असाल तर एक लिटरचा योग्य डबा डिकीत टाकूनच निघा. रस्त्यातल्या दुकानात ट्रॅक्टरचं तेल हमखास मिळेल, सी३ मिळेलच असं नाही.